डबलसीट

१३ नोव्हेंबर १९८८, रविवार. डोंबिवली.

सायकल पोचली! खेडहून एस.टी.च्या टपावर बांधून आणलेली, पण मडगार्डाला एक पोचा आला त्यापलीकडे काही झालं नाही. आप्पांची सायकल. पोस्टात होते तोवर हिच्यावरून त्यांनी अख्खा तालुका पालथा घातला. आई म्हणाली होती, एवढं लोखंडाचं ओझं कशाला नेतोस. आप्पांनी चेनला तेल तेवढं घालून दिलं.

खोली छान आहे. पूर्वेला, दोन मजली घराच्या वरच्या अंगाला. घरमालकीण रखमाबाई खाली एकट्याच राहतात. माझ्या हातांकडे बघून त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, काविळीचं काही नाही ना? मग सांगावं लागलं की मी रंगाच्या कारखान्यात लॅब असिस्टंट आहे, हा कारखान्याचा पिवळा आहे, आठवडाभर साबण लावला तरी जात नाही. खूप हसल्या. संध्याकाळी वाटीभर आमटी वर आली.

आज सकाळी शीळ रस्त्याला चक्कर मारायला गेलेलो. मागून घंट्या वाजल्या आणि दहाबारा सायकली एका ओळीत पुढे गेल्या. सगळ्या साध्या, पण प्रत्येकीच्या कॅरिअरवर वळकटी, डबा, प्लास्टिकचा कागद, काळ्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलेलं. मी जोर काढून गाठलं. पुढच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी न थांबताच माझं नाव, गाव, नोकरी विचारून घेतली. ठाण्याचं चक्रधर सायकल मंडळ. म्हणाले, पुढच्या रविवारी खोपटला या, एस.टी. डेपोसमोर पोपटचं सायकलचं दुकान कोणीही दाखवेल.

या गावात माझी कोणाशी ओळख नव्हती. आजपासून आहे.

२० नोव्हेंबर, रविवार

खोपट. दुकानात माणसं कमी आणि चाकं जास्त. पोपट धुमाळ, मूळचा साताऱ्याकडचा, चाळिशीचा, दंड माझ्या मांडीएवढे. सामान लादलेली सायकल एका हाताने कॅरिअरला धरून उचलतो आणि दुसऱ्या हाताने मागचं चाक फिरवत त्याचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढतो. माझ्या सायकलचं ओव्हरऑइलिंग त्याने तिथल्या तिथे करून दिलं. छर्रे रॉकेलमध्ये धुताना म्हणाला, तुझ्या बापानं जपलीय हो.

गेल्या रविवारी भेटलेले म्हातारे गृहस्थ म्हणजे सखाराम ओक. नौपाड्यातल्या शाळेत कवायतीचे शिक्षक होते, सगळे त्यांना ओकगुरुजीच म्हणतात. मंडळ त्यांनीच काढलं. दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की 'फेरी' निघते: ठाणे, कल्याण, मुरबाड, माळशेज घाट चढून ओतूर, तिथून चाकण, वडगाव, खंडाळ्याचा घाट उतरून पनवेल, आणि शीळफाट्यावरून परत ठाणे. चार दिवस. शर्यत नाही, बक्षीस नाही. आपलं अंथरूण, आपला शिधा, आपलं पंक्चर आपणच काढायचं. दुसऱ्याच्या वाहनावर बसला तो फेरीतून बाद, एवढा एकच नियम. गुरुजी हे सांगताना खाली बघत होते.

मी वहीत नाव दिलं: पाटणे, डोंबिवली. चिवडा खाल्ला. पंक्चर कोण जास्त सफाईने काढतो यावर दोन रिक्षावाल्या मेंबरांचं भांडण ऐकलं. फार मजा आली.

एक गंमत. निघताना पोपटने गोणपाटात गुंडाळलेली एक वीट माझ्या कॅरिअरला ट्यूबच्या पट्टीने बांधली. मी म्हटलं, सरावासाठी का? तर म्हणाला, "सराव म्हण. पण रिकामं कॅरिअर घेऊन फिरायचं न्हाई. भाजीला जाताना पण न्हाई." बघतो तर सगळ्यांच्या कॅरिअरवर काही ना काही. एकाने तर उशी बांधलेली.

४ डिसेंबर, रविवार

मुरबाडपर्यंत जाऊन आलो. वाटेत टिटवाळ्याच्या फाट्याला सगळ्यांनी मिळून पोहे केले. माझा स्टोव्ह पेटेना, तर चौघांनी चार सल्ले दिले आणि एकानेही हात लावला नाही. फेरीचा नियम! शेवटी पेटला तेव्हा टाळ्या पडल्या.

येताना एक म्हातारा डोक्यावर भारा घेऊन चालला होता. त्याने पोपटला डबलसीट मागितली. पोपट उतरला, भारा आपल्या हँडलवर घेतला आणि सायकल हातात धरून त्याच्याबरोबर गावापर्यंत चालत गेला. पण बसवलं नाही. आम्ही सगळे उन्हात थांबून राहिलो. मी गुरुजींना म्हटलं, आज काही फेरी नाही, मग बसवलं असतं तर काय बिघडत होतं? गुरुजींनी टोपी काढून पुसली आणि पुन्हा घातली.

असतात एकेका मंडळाचे रिवाज.

११ डिसेंबर, रविवार

रखमाबाईंचा गॅस सिलिंडर विठ्ठलवाडीला त्यांच्या बहिणीकडे पोचवायचा होता. वीट सोडून ठेवली आणि सिलिंडर बांधून नेला. बहिणीने थालीपीठ खायला घातलं. परत निघालो तेव्हा दुपार टळत होती, कॅरिअर रिकामं, सायकल कशी पिसासारखी चाललेली. मुद्दाम लांबच्या रस्त्याने निघालो.

वस्ती संपल्यावर एक मैलाचा दगड आहे, त्याला टेकून एक तरुण बसलेला. माझ्याच वयाचा. खाकी हाफ पँट, कॅनव्हासचे बूट, एक हात छातीवर. मला बघून उठला नाही. नुसतं म्हणाला, "दादूस, डबलशीट नेशील का रं?"

चेहरा फार दमलेला. मला तो म्हातारा आठवला आणि त्या दिवशीची आमची सगळ्यांची लाज वाटली. मी म्हटलं, बस.

बसला. बसल्याचा हिसका असा बसलाच नाही, वजन तेवढं आलं. कुठे सोडू विचारलं तर म्हणाला, पुढं. मी चेनच्या आवाजाबद्दल काही बोललो तर म्हणाला, पुढच्या दातऱ्याला झीज आहे, चढाला सांभाळ. एवढं मात्र एकदम जाणत्यासारखं. त्याच्या अंगाला खाडीच्या चिखलासारखा वास होता. मग बोललाच नाही.

घराच्या वळणावर विचारलं, इथेच उतरणार का. मागे वळून बघितलं तर कॅरिअरवर कोणी नाही. वाटेत उतारावर उडी मारून गेला असणार. निदान बरं म्हणून जायचं तरी.

सायकल मात्र घरापर्यंत जडच लागली. हवा कमी असेल.

१३ डिसेंबर, मंगळवार

हवा भरली. कारखान्यात पोचेपर्यंत मागचं चाक पुन्हा बसलं. पंक्चर नाही, पाण्यात बुडवून बघितलं. येताना मागच्या चाकाचे तीन स्पोक तुटले, सपाट रस्त्यावर.

१६ डिसेंबर, शुक्रवार

आज सकाळी रखमाबाईंनी जिन्यात अडवलं. जरा रागावलेल्याच होत्या. म्हणाल्या, तुमच्या मित्राला तुम्ही रोज खाली उन्हात सायकलवरच बसवून ठेवता आणि स्वतः वर जाऊन जेवता, हे काय बरं दिसतं? त्यांनी म्हणे त्याला पाण्याचं विचारलं, तर तो नुसता बसून राहतो.

मी विचारलं, कोण मित्र?

म्हणाल्या, "अहो तो काय. हाफ पँटवाला."

आम्ही दोघांनीही बोळात बघितलं. सायकल स्टँडवर उभी होती. मला फक्त सायकल दिसली. पण मागचा टायर रिमपर्यंत दबलेला होता, आणि मी बघत असतानाच कॅरिअरची स्प्रिंग करकरली, माणूस बूड सरकवून बसला की करकरते तशी.

१८ डिसेंबर, रविवार. खोपट.

पोपटकडे सायकल हातात धरून नेली, कारण बसून चालवायची हिंमत झाली नाही. शीळ, मुंब्रा, कळवा, सगळं अंतर चालत. धरून नेतानाही चढाला दम लागत होता.

पोपट नेहमीसारखा हसत आला आणि एका हाताने कॅरिअर धरून उचलायला गेला. सायकल उचलली नाही. त्याने दोन्ही हात लावले. मानेच्या शिरा फुगल्या. मग त्याने हात काढून घेतले, पँटला पुसले आणि दुकानात बसलेल्या माणसांना म्हणाला, आज बंद. भर दुपारी शटर ओढलं. आत पिवळा बल्ब लावला आणि मला स्टुलावर बसवलं.

"बस म्हणालास का तू कुणाला?"

मी सांगायला लागलो तर त्याने मध्येच तोडलं. "सगळं नको सांगू. बस म्हणालास का, एवढंच सांग."

हो म्हटलं.

पोपटने जे सांगितलं ते जसं कळलं तसं लिहितो. पाच वर्षांपूर्वी मंडळात चेंदणी कोळीवाड्यातला एक मुलगा आला, नाथा नावाचा. कोळीवाड्यातून आलेला तो पहिलाच. सगळे चेष्टा करत, होडी वल्हवणाऱ्याला घाट जमायचा नाही. तो हसायचा आणि सगळ्यांच्या पुढे जायचा. फेरीत दुसऱ्या दिवशी, माळशेजच्या चढाला, तो रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडाशी बसलेला दिसला. येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होता, छातीत कळ येते, डबलसीट न्या, खाली डॉक्टरपर्यंत सोडा. गुरुजी सर्वांत पुढे होते. ते म्हणाले, काय रे नाथा, चढ लागला की छाती दुखते काय? मागचे सगळे हसले. मग प्रत्येकजण तेच म्हणत, तसंच हसत पुढे गेला. पोपटसुद्धा. बसवला असता तर नाथा बाद झाला असता, वर तोच आपल्याला शिव्या देईल, असं पोपटला वाटलं.

सर्वांत शेवटचा माणूस पोचला तेव्हा नाथा तसाच बसलेला होता, पण मेलेला.

तेव्हापासून तो रस्त्यावर असतो. घाटातच असं नाही, कुठेही. ज्याचं कॅरिअर रिकामं त्याला मागतो. म्हणून विटा, म्हणून उश्या. मी पोपटला विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलं? म्हणाला, "सांगायचं तर आमचं पण सांगावं लागतं."

मग मी विचारलं, तो उतरतो कधी?

पोपट म्हणाला, एकदाच कल्याणच्या एका मास्तरनं बसवलेलं. मास्तरनं घाबरून सायकल विकली. घेणाऱ्याला काही झालं नाही. सायकल हलकीच होती. वजन मास्तरबरोबर राहिलं. मग मास्तर एक दिवस घरातून पायी निघाला तो परत आला नाही.

२१ डिसेंबर, बुधवार

सायकल पोपटकडेच ठेवलेली. आज कारखान्यात एस.टी.ने गेलो. कंडक्टरने तिकिटं दोन फाडली. मी म्हटलं, एक. तो माझ्या शेजारच्या जागेकडे बघून म्हणाला, मग यांचं कोण काढणार?

लॅबमध्ये माझ्या मागचं स्टूल कोणीतरी सतत ओढून घेतं. वळून बघितलं की स्टूल पाठीला लागलेलं असतं.

पाठ गार पडते. एका ठरावीक जागी. कोणी छाती टेकून बसावं तशी. पण त्या छातीत ठोका नाही. मी आज मुद्दाम श्वास धरून ऐकलं. नाही.

२५ डिसेंबर, रविवार

पोपटचा विचार असा की नाथाला त्याच्या आईकडे नेऊन बघू. सायकल घेतली, तो बरोबर आला. चेंदणी कोळीवाडा. सकाळची वेळ, जाळी वाळत घातलेली, बायका अंगणात सुकट निवडत होत्या. आम्हाला बघून एकेक उठून आत गेली. शेवटच्या घराच्या ओट्यावर नाथाची आई बसलेली. सगुणाबाई. त्यांनी पोपटकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. सरळ माझ्या मागे बघितलं. हातातलं सूप बाजूला ठेवलं आणि तोंडावरून पदर फिरवला.

"आलास रं बाला," म्हणाल्या. "आज कोनाला आनलास?"

आतून नाथाची बहीण आली, मालू. तिने बघितलं आणि ती दाराशीच थांबली. सगुणाबाईंनी तिच्याकडून भाकरी आणि तळलेला बोंबील मागवला, तांब्याभर पाणी मागवलं. सायकलच्या कॅरिअरजवळ उभ्या राहिल्या, त्यांच्या खांद्याइतक्या उंचीवर जिथे तोंड असेल तिथे घास धरला. घास तसाच राहिला. मग त्या समजावायला लागल्या, लहान मुलाला समजावतात तसं. घर आयलं. ही बघ मालू. उतर आता, किती दमशील. दुसऱ्याच्या पोराला किती दमवशील.

स्प्रिंग वाजली नाही. मी दोन्ही हातांनी हँडल धरून उभा होतो आणि मला रडू येत होतं, कोणासाठी ते कळत नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी भाकरी खाली ठेवली. मला म्हणाल्या, मास्तरपन आनला होता त्याला, तवापन नाय उतरला. मी विचारलं, का उतरत नाही? त्या म्हणाल्या, "उतरल कशाला? उतरला का मेला ना तो. तुज्या मागं हाय तवर हाय."

निघताना मालू गल्लीच्या तोंडापर्यंत आली. तिने एकच सांगितलं. नाथा शेवटचं घरातून निघाला तेव्हा म्हणाला होता, फेरी पुरी केल्याशिवाय या घरात पाय ठेवणार नाही.

१ जानेवारी १९८९, रविवार

ठरलं. फेरी पुरी करायची, त्याला घेऊन. पोपटला पटलं. गुरुजींना पटत नव्हतं. नौपाड्यात त्यांच्या घरी गेलो, तर त्यांनी माझ्यासमोर खुर्ची ठेवली, मग माझ्या मागे बघून दुसरी ठेवली आणि त्यांच्या हातातून ती निसटली. म्हणाले, तुमच्या आईवडलांना मी काय उत्तर देणार? मी म्हटलं, गुरुजी, मी आठ दिवस पाठीवर झोपलेलो नाही. पाठीला जागाच नाही.

खाली बघून हो म्हणाले.

१५ जानेवारी, रविवार

संक्रांतीचा डबा घेऊन रखमाबाई वर आल्या. दोन वाट्या होत्या. एक माझ्यापुढे ठेवली, एक पलंगाच्या काठावर. म्हणाल्या, गोड बोलायला सांगा त्याला, कधी बोलतच नाही.

पोपटने मागचं चाक मालवाहू सायकलचं बसवून दिलंय. जाड स्पोक. तेही वाकतात.

२६ जानेवारी, गुरुवार. टोकावडे.

झेंडावंदन झालं, नारळ फुटला, निघालो. दरवर्षी म्हणे लोक टाळ्या वाजवतात. आज वाजवल्या नाहीत. सगळ्यांना माहीत आहे. ओळ माझ्या पुढे लांब गेली, मागे कोणी थांबेना. फक्त पोपट माझ्या बाजूने होता. चालवताना गप्पा मारत होता, त्याच्या गावच्या बैलांच्या, कुस्तीच्या. माझा श्वास पुरत नव्हता, तरी मी हं हं करत होतो. माणूस जवळ असला की बरं वाटतं.

कल्याण सोडल्यावर कमरेला हात आले. आजवर नुसती छाती होती. आता दोन्ही बाजूंनी हात, गार, ओले. पोपटला सांगितलं. तो गाणं म्हणायला लागला.

२७ जानेवारी, शुक्रवार. ओतूर.

घाट चढलो. कसा ते नीट आठवत नाही. पायडलवर उभं राहून, मग धरून, मग पुन्हा उभं राहून.

नाथाच्या त्या मैलाच्या दगडाशी सगळे थांबलेले होते. उन्हात, सायकली आडव्या टाकून. कोणी ठरवलं नव्हतं म्हणे, पुढचा थांबला म्हणून मागचा. मी पोचलो तसे गुरुजी उठले. त्यांनी आपल्या कॅरिअरवरची वळकटी सोडली, डबा सोडला, सगळं रस्त्यावर ठेवलं. रिकामी सायकल माझ्या सायकलला लावून उभी केली. अडुसष्ट वर्षांचा माणूस. हात जोडले.

"नाथा, माझं चुकलं. माझ्या सायकलवर बस. तुला म्हणशील तिथे नेतो. खाली नेतो, डॉक्टरकडे नेतो. बस बाळा."

वारा होता तेवढाच. पोपटने गुरुजींच्या कॅरिअरला एक बोट लावून बघितलं. सायकल हलकी होती. गुरुजी तिथेच दगडाशी बसले आणि मोठ्याने रडले. बाकीच्यांनी तोंडं फिरवली.

आणि तेव्हा माझ्या कानाशी तो बोलला. डिसेंबरनंतर पहिल्यांदा. आवाज अगदी साधा. राग नाही, काही नाही.

"दादूस, तू दमलास. मी चालवतो. तू मागं बस."

मी नाही म्हटलं. मोठ्याने म्हटलं असेन, कारण सगळ्यांनी वळून बघितलं.

२८ जानेवारी, शनिवार. सकाळ. नारायणगावच्या पुढे.

पोपटच्या सायकलचा पुढचं चाक धरणारा चिमटा मोडला. पुढचं चाक गुडघ्यावर आपटलं, पाय सुजला. तो ट्रकने जाणार. बाद. ट्रकवर चढवताना त्याने माझा हात सोडला नाही. सारखं म्हणत होता, कायबी झालं तरी तू सीट सोडू नको. हँडल सोडू नको. काय बोलला तरी सोडू नको.

गुरुजी मागे कुठेतरी आहेत, चालत. बाकीचे पुढे गेले.

दुपार. रस्त्याकडेला.

उजवा गुडघा वाकत नाही. ऊन. पाणी संपलं.

तो थोड्या थोड्या वेळाने विचारतो. सारखं तेच. दमलास. दे इकडं. मी तुला कुठं नाही नेलं, तू मला एवढं नेलंस. प्रेमाने विचारतो. कोणी इतक्या प्रेमाने

सीट सोडायची नाही.

चाकणचा चढ.

पाय नाहीत. आहेत पण ऐकत नाहीत. सायकल थांबली आणि कलंडली नाही. तो धरून आहे.

नुसता एक चढ. मग पुन्हा मी घेईन. त्याने कबूल केलंय. एकच चढ

नंतर.

मागे बसून लिहितोय. दोन्ही हात मोकळे आहेत. अक्षर हलतंय, रस्त्यामुळे.

किती छान चालवतो. चढ कळतच नाही. बऱ्याच दिवसांनी पाठ मोकळी, वारा लागतो पाठीला. मी त्याच्या पाठीला डोकं टेकलं. गार आहे. ऊन इतकं आहे की गार बरं वाटतं.

चढ संपला तेव्हा मी म्हटलं, दे आता. तो म्हणाला, बस की.

२९ जानेवारी, रविवार.

वडगावला थांबलो नाही. मंडळाचे सगळे तिथे शाळेच्या ओट्यावर होते, आम्ही समोरून गेलो. हाका मारल्या. कोणी मान वर केली नाही. मग एकाने केली, म्हणाला, पाटणे काय सुटलाय बघा! आणि पुढे बघून हात हलवला. पुढे. माझ्याकडे नाही.

भूक लागत नाही. तहान पण नाही.

खंडाळ्याचा उतार. ब्रेक लावत नाही. मी उडी मारायचं ठरवलं. पाय खाली सोडले. रस्ता लागत नाही. पाय जातात, पण रस्ता

पनवेल गेलं.

माझे हात त्याच्या कमरेला आहेत. लिहायला एक सोडवतो, तो परत तिथेच जातो. नखं पांढरी. कारखान्याचा पिवळा कुठे गेला? महिनाभर निघत नव्हता

छातीवर हात ठेवून बघितला. बराच वेळ. दुसरीकडे ठेवला. नीट लागत नसेल. चालत्या सायकलवर नीट लागत नाही

शीळफाटा. माणसं! खोपटची मुलं हार घेऊन उभी आहेत. रखमाबाई पण आल्यात, डबा घेऊन. पोपट आहे, काठी धरून. पोपट! मी ओरडतोय. आता थांबेल, थांबावंच लागेल, हार घालायला तरी

थांबला. एक पाय टेकून. त्याच्या गळ्यात हार घातला. शाब्बास पाटणे, म्हणतात. केलंत हो पाटणे. रखमाबाई म्हणाल्या, किती उतरलंय तोंड. तो हसला. माझं हसू. आप्पांसारखं एका बाजूने

पोपट हसत नाही. पोपट कॅरिअरकडे बघतोय. काठी टाकली त्याने. हात पुढे केला, पोपट, धर, इथे, मी इथे आहे, धर ना, अजून थोडा पुढे

हात पोचला नाही. सायकल सुटली.

डावीकडे ठाणे. सगळे डावीकडे वळून उभे, वाट देऊन. तो उजवीकडे वळला. कल्याण. मुरबाड. मी म्हटलं नाथा, ठाणे तिकडे, घर तिकडे, तुझी आई, फेरी पुरी होत आली, उतर, मला उतरव. तो नुसता पायडल मारतोय. हार वाऱ्याने माझ्या तोंडावर येतोय. मागून पोपटची हाक येते अजून. बारीक. पाटणे नाही म्हणत तो, दुसरंच काही, एकच शब्द, सारखा, उत